विश्लेषण : आजारी लेकराला ‘रेफर’ का केले जाते? बाभुळगाव ते नागपूर पालकांची फरफट कशामुळे?

रात्री-अपरात्री लहान मूल गंभीर आजारी पडले की ग्रामीण भागातील पालकांची धावपळ उपचारांपेक्षा प्रवासातच अधिक होते. एका दवाखान्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या रुग्णालयात पाठवण्यामागची कारणे काय, कायदा काय सांगतो आणि या साखळीत पालकांच्या हाती काय उरते, याचा आढावा.

नेमके काय घडते?

पावसाळ्यातील रात्र. बाभुळगाव तालुक्यातील एखादे खेडे. दीड वर्षाच्या लेकराला दोन दिवसांपासून ताप आहे. गावात येणाऱ्या डॉक्टरचे औषध सुरू आहे. रात्री अकराच्या सुमारास ताप वाढतो, डोळे वर जातात, हातपाय ताठ होतात. आई घाबरते, आजी कांदा हुंगवायला सांगते, वडील शेजाऱ्याकडे मोटारसायकल मागायला धावतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचावे, तर परिचारिका बाभुळगावच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायला सांगते. तिथले डॉक्टर तपासतात, ऑक्सिजन लावतात आणि चिठ्ठी लिहितात : यवतमाळला न्या. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात मध्यरात्र उलटून जाते. तिथे अपघात विभागातून बालरोग विभागात, तिथून रक्त तपासणीला, मग पुन्हा वॉर्डात. मुलाची स्थिती बिघडलीच, तर सकाळी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचे नाव पुढे येते.

हा प्रसंग कुण्या एका घरचा नाही. ग्रामीण विदर्भात लहान मूल असलेल्या बहुतेक कुटुंबांना त्यातील एखादा तरी टप्पा परिचयाचा आहे. प्रत्येक ठिकाणी नाव, वय, वजन, ‘कधीपासून ताप’ हेच प्रश्न नव्याने विचारले जातात आणि प्रत्येक ठिकाणी पालकांना वाटते की, आपल्याला टाळले जात आहे. प्रत्यक्षात काही वेळा ते खरेच टाळणे असते आणि काही वेळा तोच योग्य निर्णय असतो. पालकांना हा फरक कुणी समजावून सांगत नाही. त्यांच्या संतापाचे एक मोठे कारण इथे आहे.

उशीर नेमका कुठे होतो?

आरोग्य क्षेत्रात ‘तीन विलंब’ ही संकल्पना वापरली जाते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये ती माता मृत्यूंच्या संदर्भात मांडली. पुढे बालमृत्यूंच्या अभ्यासातही ती लागू केली गेली. पहिला विलंब घरात होतो : आजार गंभीर आहे हे ओळखायला आणि निघायचे ठरवायला लागणारा वेळ. दुसरा रस्त्यावर होतो : वाहन मिळणे, पैसे जुळवणे आणि पोहोचणे. तिसरा रुग्णालयात होतो : दारात पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंतचा वेळ.

सरकारी जनजागृतीचा भर बहुतेक वेळा पहिल्या विलंबावर असतो. ‘पालकांनी वेळेत आणले नाही’ हे वाक्य बालमृत्यूच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते. मात्र प्रत्येक ‘रेफर’बरोबर दुसरा आणि तिसरा विलंब नव्याने सुरू होतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. बाभुळगावहून यवतमाळ सुमारे पंचवीस-तीस किलोमीटर, यवतमाळहून सेवाग्राम सुमारे सत्तर आणि नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. तीन ठिकाणी ‘रेफर’ झालेल्या मुलाच्या वाट्याला तीन वेळा वाहनाची वाट पाहणे आणि तीन वेळा दारातली नोंदणी येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील २८ बालकांचा मृत्यू होतो. त्यापैकी २३ मृत्यू पहिल्या वर्षात आणि सोळा-सतरा पहिल्या २८ दिवसांतच होतात. म्हणजे मूल जितके लहान, तितका हाताशी असलेला वेळ कमी.

मग ‘रेफर’ का केले जाते?

सरकारी आरोग्य व्यवस्थेची रचना पायऱ्यांची आहे. साधारण ३० हजार लोकसंख्येमागे, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याच्या पातळीवर साधारण ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालय. यवतमाळमध्ये १९८९ मध्ये सुरू झालेल्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे या जिल्ह्यातील सरकारी उपचारांचे शेवटचे मोठे ठिकाण. १६ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकसंख्या, असा या जिल्ह्याचा पसारा आहे.

लहान मुलांच्या बाबतीत खालच्या पायऱ्या लवकर तोकड्या पडतात, याला वैद्यकीय कारणे आहेत. मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे. प्रत्येक औषधाची मात्रा वजनानुसार काढावी लागते. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या बाळाची शीर सापडणे अनुभवी परिचारिकेलाही अवघड जाते. ऑक्सिजनचा मास्क, श्वासनलिकेची नळी, रक्तदाब मोजायचा पट्टा हे सारे मुलाच्या आकाराचे लागते. शिवाय मोठी माणसे हळूहळू खालावतात. लहान मूल बराच वेळ तग धरते आणि मग अचानक कोसळते. रोज प्रौढ रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला ही जोखीम एकट्याने घ्यायची नसते. बालरोगतज्ज्ञ नसेल, असला तरी रात्री उपलब्ध नसेल, तर चिठ्ठी लिहिणे हाच सुरक्षित मार्ग वाटतो.

यात भीतीचाही वाटा आहे. मूल दगावले तर नातेवाइकांचा जमाव, तोडफोड, मारहाण हे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. त्यासाठीच राज्याने २०१० मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसाचार रोखणारा कायदा केला. पण कायद्याने भीती गेली नाही. ‘आपल्या हातून नको’ या विचारातून होणारे ‘रेफर’ वाढले, की त्याचा भार वरच्या रुग्णालयावर पडतो. तिथे गर्दी वाढते, मुलाला वेळ मिळत नाही, नातेवाइकांचा राग वाढतो आणि खालच्या डॉक्टरची भीतीही वाढते. हे चक्र असेच फिरत राहते.

योग्य ‘रेफर’ आणि टाळाटाळ यात फरक काय?

योग्य पद्धतीत मुलाला आधी स्थिर केले जाते, मग पाठवले जाते. झटका आला असेल तर तो थांबवायचे औषध, श्वास लागला असेल तर ऑक्सिजन, शरीर सुकले असेल तर शिरेतून द्रव, रक्तातील साखर कमी असेल तर ग्लुकोज आणि गंभीर संसर्गाची शंका असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस. यातील बहुतांश गोष्टींना बालरोगतज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका त्या करू शकतात. त्यानंतर पुढच्या रुग्णालयाला फोन, खाट आहे की नाही याची खात्री आणि दिलेल्या औषधांची वेळ व मात्रा लिहिलेली चिठ्ठी.

टाळाटाळीत यातील काहीच नसते. ‘यवतमाळला न्या’ एवढे दोन शब्द, कागदावर अर्धवट सही आणि बाहेर उभ्या पालकांना वाहन शोधायला सांगणे. वरच्या रुग्णालयात पोहोचल्यावर मुलाला काय दिले गेले हेच कुणाला कळत नाही. मग तेच औषध पुन्हा दिले जाते किंवा द्यायचे राहून जाते.

मोठ्या रुग्णालयातही ताटकळावे का लागते?

पालकांची सर्वात मोठी तक्रार : आम्ही आधी आलो, पण नंतर आलेल्याला आत घेतले. तातडीच्या विभागात क्रम येण्याच्या वेळेवर नव्हे, तर गंभीरतेवर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी यात तीन गट सांगितले आहेत. श्वास अडलेले, झटके येत असलेले, बेशुद्ध किंवा हातपाय गार पडलेले मूल लगेच. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ, तीव्र वेदना, विषबाधा, भाजणे, तीव्र कुपोषण असलेले मूल रांगेत सर्वात पुढे. उरलेली मुले क्रमाने. १०३ अंश तापाने फणफणलेले पण पाणी पिणारे, आईकडे पाहणारे मूल दिसायला घाबरवणारे असले, तरी ते पहिल्या गटात येतेच असे नाही. याउलट शांत पडून राहिलेले, रडतही नसलेले बाळ पहिल्या गटातले असू शकते.

क्रमाची ही पद्धत योग्यच आहे. पण ती चालवायला दारातच प्रशिक्षित परिचारिका हवी आणि थांबलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा पाहणारे कुणीतरी हवे. गर्दीच्या सरकारी रुग्णालयांत बहुधा कमतरता असते ती इथेच. तुमचे मूल सध्या धोक्यात नाही, अर्ध्या तासाने पुन्हा पाहू, असे एक वाक्य कुणी सांगितले तरी निम्मा संताप शमतो. ते सांगायला माणूस नसतो.

रुग्णवाहिका वेळेत का मिळत नाही?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा राज्यभरासाठी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातील २३३ प्रगत जीवरक्षक सुविधा असलेल्या आणि ७०४ प्राथमिक सुविधांच्या. सोबत डॉक्टर असतो, हे या सेवेचे वैशिष्ट्य. मात्र ३६ जिल्ह्यांत सरासरी काढली तर जिल्ह्यामागे २६ गाड्या येत होत्या आणि प्रगत सुविधांच्या जेमतेम सहा ते सात. एक गाडी यवतमाळहून नागपूरला रुग्ण सोडायला गेली, तर जाऊन-येऊन ती पाच-सहा तास तालुक्याबाहेर असते. त्या वेळात आलेल्या दुसऱ्या फोनला लांबची गाडी पाठवावी लागते. म्हणजे अनावश्यक ‘रेफर’मुळे पुढच्या मुलाची रुग्णवाहिकाही अडकते.

१०२ ही वेगळी सेवा आहे. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर माता आणि आजारी नवजात बाळांना सरकारी रुग्णालयात मोफत औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन देण्याची तरतूद आहे. पुढे ती एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली. घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि उपचारानंतर पुन्हा घरी, असा तिन्ही प्रवास त्यात येतो. अनेक पालकांना हे ठाऊक नसते आणि ते खासगी गाडीला हजारो रुपये मोजतात.

राज्यातील घटना काय सांगतात?

सप्टेंबर २०२४ मध्ये गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात तापाने आजारी पडलेल्या दोन लहान भावांचा मृत्यू झाला. जिमलगट्टा आरोग्य केंद्रातून पत्तीगावपर्यंत सुमारे १५ किलोमीटरचे अंतर आई-वडिलांनी मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चालत कापले. मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेले होते, हेही पुढे आले. म्हणजे पहिला विलंब होताच; पण रस्ता आणि वाहन नसणे हा दुसरा विलंबही तितकाच खरा होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. दूरवरून, शेवटच्या टप्प्यात पाठवलेले रुग्ण येतात, असे रुग्णालय प्रशासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्याआधी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बाळांचा मृत्यू झाला. शेवटच्या पायरीवर पोहोचलेली बाळेही सुरक्षित नव्हती.

यवतमाळ जिल्ह्याचा स्वतःचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राअंतर्गत कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या लशीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. ती बचावली; संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण व्यवस्थेवरचा विश्वास एकदा डळमळला की, पुढच्या वेळी ताप आलेल्या मुलाला घेऊन पालक सरकारी केंद्राऐवजी आधी दुसरीकडे जातात.

दुसरीकडे जाण्याची किंमत २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसली. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपनंतर मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. त्यातील अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले गेले. तमिळनाडूतील तपासणीत सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्के आहे. वीसहून अधिक बालके दगावली. परासिया, छिंदवाडा, नागपूर या फेऱ्यांत पालकांना कर्ज काढावे लागले. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीलही सहसा टाळावीत, अशी सूचना त्यानंतर केंद्राने पुन्हा काढली.

खर्चाचे काय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे शुल्कही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यांत ते लागू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढवले गेले आहे. पण योजना अंगीकृत रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांनाच लागू होते. रात्री दोन वाजता मूल घेऊन धावलेल्या पालकांजवळ शिधापत्रिका, आधार कार्ड असतेच असे नाही. नवजात बाळाचे तर नावही शिधापत्रिकेत नसते. अशा वेळी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागदपत्रे नंतर सादर करण्याची सोय योजनेत आहे.

खासगी रुग्णालयांतील अनामत रकमेचा प्रश्न एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात ऐरणीवर आला. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गरोदर महिलेच्या कुटुंबाकडे दहा लाख रुपये मागितल्याचा आरोप झाला. तिने दुसरीकडे जुळ्यांना जन्म दिला आणि तिचा मृत्यू झाला. चौकश्या, आंदोलने झाली. त्यानंतर तातडीच्या, प्रसूतीच्या आणि लहान मुलांच्या विभागात येणाऱ्या तातडीच्या रुग्णांकडून अनामत रक्कम घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणे हे त्याचे कर्तव्य आहे; पोलिसांची कागदपत्रे त्याआड येऊ शकत नाहीत.

१९९६ चे पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरण तर ‘रेफर’चेच होते. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकाता परिसरातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट किंवा सुविधा नसल्याचे सांगून परत पाठवले. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. वेळेत तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. खाट कुठे रिकामी आहे हे लगेच कळेल अशी राज्य पातळीवरची मध्यवर्ती संपर्क व्यवस्था उभारावी, असेही त्यात सांगितले होते. तीन दशकांनंतरही खाट शोधण्याचे काम बहुतेक वेळा मुलाचे वडीलच मोबाइलवरून करतात.

महाराष्ट्रात १४ जानेवारी २०२१ रोजी सुश्रुषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली. त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तातडीच्या रुग्णाला जीव वाचवण्यापुरते प्राथमिक उपचार दिल्याशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

पालकांनी कधी क्षणभरही थांबू नये?

मूल काहीच पीत नाही किंवा दूध ओढत नाही, पोटात घेतलेले सर्व उलटून पडते, झटका आला, मूल सुस्त आहे, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही. ही चार धोक्याची लक्षणे पाच वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आहेत. श्वासाचा वेग मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजता येतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच निघावे. दोन महिन्यांखालील बाळाला ताप येणे किंवा अंग गार पडणे, दोन्ही तातडीचेच.

झटका आला तर मुलाला कुशीवर करावे, घट्ट कपडे सैल करावेत, वेळ पाहावी. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापात येणारे बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. तरीही पहिल्या झटक्यानंतर तपासणी आवश्यक. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, तर ती आणीबाणी समजावी.

जुलाबात पहिल्या शौचापासूनच ओआरएस सुरू करावे. एक पाकीट एक लिटर पाण्यात. सोबत झिंकची गोळी १४ दिवस. दोन्ही आशा सेविकेकडे आणि उपकेंद्रात मिळते.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक धोका असतो. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तीच औषधे घरात, अनेकदा पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेली असतात. मुलाने ते प्यायल्याची शंका आली तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. अंगावरचे कपडे काढून त्वचा धुवावी आणि औषधाची मूळ बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. सर्पदंशातही तेच : चिरणे, चोखणे, घट्ट बांधणे नको, हालचाल कमी करून प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर खूण दिसत नसली तरी मण्यारचा दंश असू शकतो.

‘रेफर’ करताना काय विचारावे?

घाईतही पाच गोष्टी विचारता येतात. मुलाला नेमके काय झाले असावे असे वाटते? आत्तापर्यंत कोणती औषधे, किती वाजता दिली? पुढच्या रुग्णालयात फोन केला आहे का, तिथे खाट आहे का? वाटेत ऑक्सिजन किंवा सलाइन सुरू ठेवायचे का, सोबत कोण येणार? रुग्णवाहिका यायला वेळ असेल, तर तोवर इथे काय केले जाईल? उत्तरे चिठ्ठीवर लिहून मागावीत आणि चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मुलाचे वजन, लसीकरण कार्ड आणि आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या जवळ असल्या, तर पुढच्या डॉक्टरची बरीच मिनिटे वाचतात.

तक्रार कुठे करायची?

इथे पालक बहुधा चुकीच्या दारात जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे येते. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी अधिष्ठाता. खासगी रुग्णालयाबाबत सुश्रुषागृह नोंदणी करणारा स्थानिक अधिकारी, डॉक्टरच्या वर्तनाबाबत महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आणि सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोग. तक्रार लेखी, तारीख-वेळेसह असावी आणि पोच घ्यावी. उपचारांची कागदपत्रे मागणे हा पालकांचा हक्क आहे.

यातून मार्ग आहे का?

तो विदर्भातच सापडलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच महिलांना नवजात बाळाची तपासणी, श्वास मोजणे, संसर्ग ओळखून उपचार करणे शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा सेविका घरी येऊन बाळ तपासतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. त्या खरोखर होतात का, हे गावानेच पाहायला हवे. पहिला विलंब तिथे कमी होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या विलंबासाठी नवी इमारत लागतेच असे नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री मुलाला स्थिर करू शकणारे प्रशिक्षित कर्मचारी, मुलांच्या आकाराची साधने, यवतमाळच्या बालरोग विभागाशी थेट फोन आणि पाठवलेल्या प्रत्येक मुलाचे पुढे काय झाले याची नोंद, एवढे असले तरी निम्मी फरफट थांबू शकते. यातील शेवटची गोष्ट सर्वात स्वस्त आहे. आज चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला ते मूल पुढे वाचले की नाही, हे बहुतेक वेळा कळतच नाही. ते कळू लागले, तर कोणती चिठ्ठी गरजेची होती आणि कोणती टाळता आली असती, याचे उत्तर बाभुळगावलाच मिळेल.